सरकपट्टी

अप्पांच्या हाताला खेळ आला
तेव्हा स्टेशन रोडवरच्या निम्म्या पाट्या त्यांच्याच होत्या.
'गिरणा हार्डवेअर'ची सहा फुटी शिरोरेघ
एका दमात ओढलेली, असं लोक सांगत.
चाळीसगावात अजूनही सांगतात.
मी रॉकेलच्या डब्यात ब्रश धुवायचे आणि बघायचे:
आधी रेघ धडधडली,
मग तिला लोंबकळणारी अक्षरं.
डॉक्टरांनी वेगळं नाव सांगितलं.
फिटर लोक खेळ म्हणतात. मी तोच शब्द ठेवला.

म्हणून हे यंत्र. निदान रेघ तरी ओढेल.

तयार सरकपट्टीची किंमत विचारली
आणि दुकानदाराचा चहा पिऊन परत आले.
धुळ्याच्या भंगारात स्केटचे बूट मिळाले,
आठ चाकं, चाकाला दोन, सोळा बेअरिंग,
धुतल्यावर त्यातली बारा फिरली.
अँगल किलोने घेतला.
किलोने आणलेल्या लोखंडाला
सरळपणाचं काय पडलंय?

आईच्या ड्रेसिंग टेबलची काच काढून आडवी घातली,
कपड्यांची नीळ तेलात कालवून तिच्यावर पुसली,
अँगल घासायचा, उलटा करायचा,
निळं लागेल तिथं उंच, तिथं कानस,
पुन्हा घास, पुन्हा बघ.
पहिल्या दिवशी तीन ठिपके.
नवव्या दिवशी धारेवर निळं चांदणं.
तोवर आई टिकली अंदाजाने लावत होती,
आणि रोज जरा डावीकडे.

कुठलीही वस्तू सहा तऱ्हांनी हलते:
पुढंमागं, डावीउजवी, वरखाली,
आणि या तिन्हींभोवती गरगर.
सरकपट्टी करायची म्हणजे पाच वाटा बुजवायच्या
आणि सहावीला हात लावायचा नाही.
हे मला इतकं पटलं
की मी दोन्ही बाजूंचे बोल्ट
दातओठ खाऊन आवळले.

सकाळी सातला गाडी बोटाच्या धक्क्यानं जायची.
दुपारी दोनला अडायची.
मे महिना, डोक्यावर पत्रा, बाहेर चव्वेचाळीस.
रात्री अकराला पुन्हा सुतासारखी.
मी तेल बदललं. बेअरिंग बदलले.
अडलेल्या गाडीला एकदा लाथही मारली,
चप्पल तुटली.

भिला आबा दुपारचे अप्पांशेजारी येऊन बसतात, न बोलता.
तीस वर्षं चावीवाले होते,
खांद्यावर हातोडा, पायाखाली रूळ,
रोज तेवढंच अंतर, जाऊन येऊन.
त्यांनी बोल्टांवरून बोट फिरवलं, चटका बसला, हसले.
"दोन्ही बाजू बांधी ठेव्यात का वं?
लोखंडले बी उन्हाया लागस, पोरी.
येक बांध. दुसरीले मोकयी सोड."

रुळांच्या सांध्यात जागा सोडलेली असते, म्हणाले,
तीच तर वाजते. तेवढी उन्हाळ्याची.

मी उजवी बाजू सोडली. केसभर.
खाली स्प्रिंग दिली, बॉलपेनातली,
म्हणजे सोडलं खरं, पण वाऱ्यावर नाही.
दुपारी अडीच वाजता गाडी गेली
आणि आली.
पंख्याचा आवाज तेवढा चालू होता.

मग पेन लावलं, कागद लावला.
शिरोरेघ निघाली, दोन फुटांची,
मधे एका जागी बारीकसा ठेचकाळलेला ठिपका,
कानस चुकली होती तिथला.
मी अँगल खोलायला पाना उचलला.

अप्पा घरात अहिराणी बोलतात,
कामाचं बोलतात ते पाटीवरच्या मराठीत.
ठिपक्यावर त्यांनी नख टेकवलं,
नख हलत होतं, ठिपका नाही.
"राहू दे. तिथं मी दम घ्यायचो.
वर मात्रा टाकली की दिसत नाही."

भिला आबांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.
गिरणा हार्डवेअर.
हा, ड, मग वे.
संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी सायकल काढली
आणि ती पाटी बघायला गेले.